एकनळी बंदूक आणि दहा बोटं

साताऱ्यात माझं बंदुकांचं दुकान आहे म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. त्यांना वाटतं, आता वाघाच्या शिकारी निघणार, दरोडे निघणार, गेला बाजार एखादा संस्थानिक तरी निघणार. छे हो! आमच्या दुकानातले निम्मे किस्से झेरॉक्सचे आहेत आणि उरलेले पासपोर्ट साइज फोटोंचे. बंदूक विकायला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो. तिचे कागद व्हायला मात्र महिनोन्‌महिने जातात, आणि तेवढे दिवस गिऱ्हाईक आमच्या बाकावर येऊन बसतं. बसलं की बोलतं, आणि बोललं की किस्सा होतो. वडिलांच्या काळापासून हे असंच साठत आलंय.

दुकानात माणसं दोनच. मी आणि आमचे मिस्त्री बाबूभाई शिकलगार. बंदूक कितीही गंजून येऊ दे, बाबूभाई आधी तिच्या मालकाला शिव्या घालणार आणि मग ती दुरुस्त करणार. शिव्यांचे पैसे आम्ही कधी लावले नाहीत.

आणि बाकावरचं कायमचं माणूस म्हणजे सुभेदार आबा. रहिमतपूरच्या अलीकडचं गाव. फौजेतून पेन्शनवर आले, वडिलोपार्जित ऊस बघायला लागले आणि उसातली रानडुकरं पळवायला त्यांनी आमच्याकडून एक एकनळी बंदूक घेतली. काडतुसं फारशी लागायची नाहीत, पण काही कामानं साताऱ्याला आले की दुकानात बसल्याशिवाय परत जायचे नाहीत. आबांना जाऊन आता काही वर्षं झाली. तरी त्या बाकावर दुसरं कुणी बसलं की मला अजून चुकल्यासारखं होतं.

*

एकदा कोरेगावकडचे जगूअण्णा आले. त्यांच्याकडेही पीक संरक्षणाची बंदूक होती. आल्या आल्या म्हणाले, "मालक, बंदुकीला सायलेन्सर बसवून द्या."

मी उडालोच! सायलेन्सर आपल्याकडे असा कुणालाही मिळत नाही. नुसता घरात सापडला तरी आत जायची पाळी येते. मी विचारलं, "अण्णा, कुणाचा काटा काढायचाय?"

"कुणाचा न्हाई वो! बार काढला की माझी म्हैस बिचकती. दोन दोन दिस पान्हा सोडत न्हाई."

अण्णांचा पुतण्या अमेरिकेत होता. त्यानं तिकडे सायलेन्सर घेतला होता आणि कसा घेतला ते व्हॉट्सअ‍ॅपवर सविस्तर सांगितलं होतं. अर्ज भरायचा, फोटो द्यायचा, दहाही बोटांचे ठसे द्यायचे आणि सरकारचं उत्तर येईपर्यंत गप बसायचं. अण्णांनी तो मेसेज स्पीकर लावून आम्हाला ऐकवला. बाबूभाईंना फार बरं वाटलं. "म्हंजी तिकडं बी कागदच हायत म्हणा की!"

अण्णा दहाही बोटं पसरून माझ्यापुढे बसले. "घ्या ठसे. फोटो बी घ्या. पायजे तर म्हशीचा फोटो देतो."

मी कायदा सांगून सांगून दमलो. शेवटी बाकावरून आबा बोलले. "जगू, तू बंदूक कशाला घेतलीस?"

"डुकरं पळवायला."

"डुकरं कशानं पळत्यात?"

"बाराच्या आवाजानं."

"मग आवाजच काढून घेतल्यावर काय हातवारे करून पळवणार हायस?"

अण्णांनी हळूहळू बोटं मिटली. मग उठता उठता मला म्हणाले, "मालक, मग म्हशीच्या कानात घालायला काय मिळतंय का बघा की!"

*

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. एका वर्षी निवडणूक आली ती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या प्रत्येक हत्याराची पूजा होते. कोयते, कुदळी, नांगर आणि असली तर बंदूक. आता कोयते घरी आणि बंदुका ठाण्यात!

खंडेनवमीच्या सकाळी आबा फेटा बांधून ठाण्यात हजर झाले. हातात ताट, ताटात हळदीकुंकू, झेंडू आणि नारळ. मागे गावातले बाकीचे बंदूकवाले. मीही जमा-पावत्यांच्या कामाला तिथंच गेलो होतो. फौजदार नवीन, लांबच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. ते ताटाकडे बघत राहिले.

"काय आहे हे?"

"पूजा हाय, साहेब. बंदूक घरी द्या, पूजा करून सांजच्याला परत आणून देतो."

"बंदूक मिळणार नाही."

"बरं. मग आमी हितंच करतो. तुमी नुसतं दार उघडा."

फौजदारांनी कपाळाला हात लावला. बंदूक परत देऊ नये असा हुकूम होता. तिला फूल वाहू नये असा कुठे नव्हता! ठाण्याच्या रायफलींची पूजा व्हायचीच होती. मग एकच सतरंजी अंथरली गेली आणि तिच्यावर सरकारी रायफली आणि गावच्या बंदुका शेजारी शेजारी बसल्या. नारळ फौजदारांनीच फोडला. खोबरं सगळ्यांना पुरलं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी आबा दुकानात आले. काही वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मला म्हणाले, "बाळासाहेब, यंदा इलेक्शन न्हाई व्हय?"

"नाही. का हो?"

"लय सोय झाली व्हती. साऱ्या गावाची पूजा एका नारळात उरकली!"

*

मग आबांच्या परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. पूर्वी कसं, परवान्याचं छोटं पुस्तक असायचं, त्यावर शिक्का पडला की झालं. आता दिल्लीच्या पोर्टलवर सगळं भरावं लागतं. त्यात डॉक्टरांचा दाखलाही लागतो. आबांचा एक डोळा ऑपरेशननंतर बरा होता, दुसरा नव्हता.

मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर ओळखीचे. सुभेदारांना नाही म्हणायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी आबांना बरा डोळा झाकायला लावून समोरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. "आबा, वरून तिसरी ओळ वाचा."

"तक्ता दिसतोय. खिळा बी दिसतोय. अक्षर न्हाई दिसत."

मागे उभ्या असलेल्या कंपाउंडरनं हळूच अक्षर सांगितलं. आबा गरकन वळले. "तुला कुणी इचारलं? डोळा माझा हाय का तुझा?"

डॉक्टर म्हणाले, "जाऊ द्या आबा, मी लिहितो. ठीक आहे म्हणून लिहितो."

"लिवू नगा. दिसत न्हाई ते दिसतंय म्हणून लिवायचं, आणि उद्या डुकराच्या जागी माणूस हुबा असला मग?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आम्ही कितीतरी लोकांना त्या तक्त्यापुढे खोटं बोलताना पाहिलंय. स्वतःला स्वतःच नापास करणारा माणूस मी तो एकच पाहिला!

परवाना संपला तशी बंदूक आमच्या दुकानात जमा झाली. आबांनी ती स्वतः काउंटरवर ठेवली, पावती घडी करून खिशात घातली आणि बाकावर न बसता निघून गेले.

*

थोड्या दिवसांनी आबांची लेक सुनंदा दुकानात आली. नवरा गेल्यापासून ती माहेरीच होती. आबांचा ऊस तीच बघायची. पाण्याची पाळी, खताची गोणी, कारखान्याची तोड, सगळं तिच्याकडे. बाई खमकी. पण त्या दिवशी तिचा चेहरा उतरलेला होता.

"भाऊ, आबा बोलंनात."

आबा आणि बोलत नाहीत? मला खरं वाटेना. आबांचा रोजचा कार्यक्रम साऱ्या गल्लीला पाठ होता. सकाळी चहा झाला की पडवीत पोतं अंथरायचं, बंदूक घ्यायची आणि पुसत बसायचं. हात बंदुकीवर आणि तोंड गल्लीवर! कुणाच्या पोराची शाळा चुकली, कुणाच्या उसाला पाणी जास्त झालं, कुणी म्हशीला रस्त्यात बांधलं, सगळ्यांना तिथून आदेश सुटायचे. लोक वैतागायचे आणि ऐकायचे. बंदूक आमच्याकडे आली आणि पडवी गप्प झाली. आबा भिंतीकडे बघत बसायचे, भाकरीसुद्धा अर्धी टाकून उठायचे.

"डागदर म्हणतो, काय सुदीक झालेलं न्हाई. पर माणूस असं बसून बसून जाईल, भाऊ. बंदूक माझ्या नावावर करा. घरी आली की आबा पुसत बसतील. पुसायला लागले की बोलतील."

तसं करता येतं. म्हाताऱ्या परवानाधारकाला हयातीतच वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. पण मंजुरी मिळाली नाही तर बंदूक विकावी लागणार, नाहीतर सरकारजमा होणार. मी तिला ते स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "मग मिळवायचीच."

बाबूभाईंनी आबांची बंदूक तिजोरीतून काढली, पुसली आणि परत ठेवली. नेहमीच्या शिव्यासुद्धा घातल्या नाहीत.

*

पहिला कागद भावाच्या संमतीचा. सुनंदाचा धाकटा भाऊ विलास सांगलीजवळ कुपवाडला. एमआयडीसीत त्याचं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. सांगलीत माझंही काम होतं, म्हणून आम्ही दोघं गेलो.

आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडते म्हणून बहीण भावाला सही करून देते. हक्कसोड म्हणतात त्याला. भाऊ तिला साडी नेसवतो, जेवण होतं आणि विषय संपतो. सुनंदानंही विलासला तशी सही दिलेली होती. पण भावानं बहिणीला हरकत नाही म्हणून सही द्यायची, असा कागद मी जन्मात पहिल्यांदा टाइप करून नेला होता.

विलासनं तो वाचला आणि मशीन चालूच ठेवून म्हणाला, "ताई, बंदूक म्हंजी घराण्याची वस्तू. ती लेकाकडं ऱ्हायला पायजे."

"मग तू घे की तुझ्या नावावर. कर अर्ज."

"मला कुठं टाइम हाय साताऱ्याला हेलपाटं घालायला?"

"मग सही कर."

"लोक काय म्हणतील?"

सुनंदा म्हणाली, "विलास, मी हक्कसोडीवर सही केली तवा तुला कायतरी इचारलं व्हतं का रं?"

विलासनं मशीन बंद केलं. त्यानं हात पुसले, कागद मांडीवर घेतला आणि सही केली. बोटांचं तेल कागदाला लागलंच. मला तिथं उभं राहायलाही अवघड झालं होतं.

कागद घडी घालून सुनंदानं पिशवीत ठेवला आणि त्याच पिशवीतून एक शर्टपीस काढून भावाच्या हातात दिला.

"ह्ये काय?"

"सही दिलीस न्हवं? रीत हाय!"

*

परवान्याआधी बंदूक हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. त्या वर्गात सुनंदा सोडून सगळे पुरुष. बरेचसे बँकांवर गार्ड म्हणून लागू पाहणारे माजी सैनिक, आणि एक हातात जाडजूड कडं घातलेला प्लॉटिंगवाला.

शिकवणाऱ्यानं विचारलं, "बंदूक हातात आली की सर्वांत आधी काय करायचं?"

कडंवाला पहिल्या रांगेतून म्हणाला, "फोटो काढायचा!"

मागून सुनंदा म्हणाली, "रिकामी हाय का बघायचं."

कडंवाल्याला ते पटलं नसावं. त्याला दाखला मिळाल्याच्या दिवशीच त्याचा फोटो चौकात फ्लेक्सवर लागला. बंदूक अजून यायची होती, म्हणून हात नुसतेच धरल्यासारखे केले होते.

*

मग पोलिसांची चौकशी. बीट हवालदार गावात जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो की अर्जदाराचा स्वभाव कसा आहे. गावाला सुनंदाला मदत करायची होती. पडवी गप्प झाल्यापासून गल्लीलाही करमत नव्हतं. पण गावानं स्वतःचं डोकं चालवलं. त्यांचा समज असा की बंदूक भित्र्या माणसाला देत नाहीत, म्हणून हवालदारापुढे बाईला शूर ठरवली पाहिजे!

पहिली शेजारीण म्हणाली, "सुनंदा? आवं, आग हाय आग! तिच्या नादाला कोण लागत न्हाई."

दुसऱ्यानं सांगितलं, "एकदा चोर आलता. कोयता घिऊन औंधच्या वाटंपतोर मागं लागली."

चोर कधी आलाच नव्हता. पण तिसऱ्याला हेही कमी वाटलं. तो म्हणाला, "तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला तिनं बांधावरच्या झाडाला बांधून घातलाता, साहेब. लय रागीट!"

हवालदार सगळं लिहून घेऊन गेला. अर्जदार तापट असून हाती हत्यार देणे योग्य वाटत नाही, असं काहीतरी अहवालात जाणार हे मला फोनवर कळलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. सुनंदा तर रडकुंडीला आली. एवढं सगळं करून गावाच्या कौतुकानं बंदूक जायची वेळ!

मी हवालदाराच्या हातापाया पडलो. तो भला माणूस. म्हणाला, "पुन्हा एकदा जाऊन विचारतो."

तो गावात शिरला तेव्हा देवळाच्या भोंग्यावरून सरपंचांचा आवाज येत होता. "ग्रामस्थांना इनंती हाय. थोड्या येळात हवालदारसाहेब येणार हायत. सुनंदाबाई शांत हायत असं सगळ्यांनी सांगायचं हाय. कोयत्याचा इषय कुणीबी काढायचा न्हाई!"

हवालदारानं मोटारसायकल वडाखाली लावली आणि घोषणा पूर्ण होईपर्यंत ऐकून घेतली. मग एका घरातही न जाता तिथंच बसून अहवाल लिहिला. अर्जदाराविषयी तक्रार नाही, गावात एकोपा चांगला आहे.

*

शेवटचं राहिलं होतं ते बोटांचे ठसे. वडिलांच्या काळात काचेवर काळी शाई फासून ठसे घ्यायचे. गिऱ्हाईक तसल्या काळ्या बोटांनी दुकानात यायचं आणि चहाच्या कपावर ठसे सोडून जायचं. आई कप घासता घासता म्हणायची, "तुमचे चोर आले वाटतं!" आता काचेचं यंत्र असतं, त्यावर बोट ठेवायचं.

सुनंदानं अंगठा ठेवला. यंत्रानं लाल दिवा लावला. दुसरं बोट ठेवलं, पुन्हा लाल. दहाही बोटं झाली, दहाही नापास. पोलिसांतली जी मुलगी ठसे घेत होती तिनं यंत्र पुसलं, सुनंदाची बोटं पुसली, क्रीम लावून बघितलं.

"ताई, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत हो!"

"हायत की," सुनंदा म्हणाली, "उसात ऱ्हायल्या असतील."

मुलगी हसली, पण ठसे काही येईनात. तिनं सुचवलं, काही दिवस हातांना काम देऊ नका. पाणी नको, राख नको, उसाचा पाला नको. रोज रात्री तूप चोळा आणि मग या.

सुनंदानं तिला विचारलं, "बाई, भांडी घासायची न्हाईत असं सरकारी कागदावर लिवून देता का? घरात लावती."

कागद मिळाला नाही. पण ती पुन्हा आली तेव्हा ठसे पहिल्या झटक्यात आले. एकेक बोट ठेवलं की हिरवा दिवा. पोलिसांतली मुलगी खूश! "एवढे छान कसे काय आले? काय लावलंत?"

सुनंदा हळू आवाजात म्हणाली, "आबांनी भांडी घासली."

तेवढे दिवस आबा काही न बोलता उठायचे, चुलीजवळची भांडी गोळा करायचे आणि नळावर नेऊन घासायचे. सुभेदार माणूस! गल्लीतल्या बायका हसल्या नाहीत. एकीनं येऊन फक्त तारेची घासणी दिली.

*

परवाना आला. सुनंदाच्या नावाचा, शिक्क्यासकट. ती बंदूक न्यायला आली तेव्हा बाबूभाईंनी दुकानात पेढे वाटले. मला म्हणाले, "आता आबांचं तोंड सुटंल बघा, मालक." तिघांचाही आनंद मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुनंदाचा फोन. रडत होती. तिनं पडवीत पोतं अंथरलं होतं. त्यावर बंदूक, तेलाची बाटली, चिंधी आणि नळीत घालायचा गज, सगळं मांडून ठेवलं होतं. आबा येऊन बसले. बघितलं. पण हात गुडघ्यावरचे हलवले नाहीत.

"लायसन कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्या."

"मग मला कशाला दावतीस? ज्याचं लायसन न्हाई त्यानं हत्याराला हात लावायचा न्हाई."

आणि उठून आत गेले.

मी आबांना फोनवर समजावलं. परवानाधारक समोर बसलाय, नुसतं पुसायला काय हरकत आहे? आबांनी ऐकून घेतलं आणि फोन तिच्याकडे दिला. मी हतबल झालो. कुपवाडची फेरी, हवालदाराच्या विनवण्या, ती दहा बोटं, सगळं पाण्यात गेलं. ज्याच्यासाठी बंदूक घरी आणली तोच तिला शिवेना! त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकाला बाबूभाईंनी उगाच शिव्या घातल्या.

पुढे सुनंदाचा फोन आला नाही. मलाही करायचा धीर झाला नाही.

नंतर एकदा रहिमतपूरला एका लग्नाला जायचं होतं. बाबूभाई म्हणाले, "वाटंतच गाव हाय. आबांना बघून जाऊ." सकाळची वेळ. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली आणि आम्ही दोघं जागच्या जागी थांबलो.

"उलटा! गज उलटा धरलास! आगं, फौजंत असतीस तर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या!"

आबा पडवीत उभे होते. हात मागे बांधलेले, चेहरा लालबुंद. खाली पोत्यावर सुनंदा बंदूक घेऊन बसलेली, मान खाली घालून. शेजारीपाजारी आपापल्या उंबऱ्यावर चहाचे कप घेऊन निवांत ऐकत होते. आबांनी मध्येच वळून एकाला पोराला शाळेत धाडायला सांगितलं, दुसऱ्याला म्हैस रस्त्यातून सोडायला लावली आणि पुन्हा सुनंदाकडे वळले. "आणि तेल किती घातलंस? बंदूक हाय का भजी तळतीस?"

मग आम्ही दिसलो. "या बाळासाहेब! बघा, असल्यांना लायसन द्यायला लागलंय सरकार! चिंधीसुदीक धरायला येत न्हाई. काल तर नळीचं तोंड माझ्याकडं करून बसली व्हती. दोन म्हैनं झालं शिकवतोय, टकुऱ्यात शिरत न्हाई. बसा, च्या सांगतो." आणि तरातरा आत गेले. आतूनही त्यांचा आवाज येत होता. साखरेच्या डब्याला ओरडत असावेत.

सुनंदानं आत एक नजर टाकली. गज सुलटा केला, चिंधी नीट गुंडाळली आणि नळीतून सरसर फिरवून बाहेर काढली. जादाचं तेल एका हातानं टिपलं, घोडा पुसला, दस्ता पुसला, नळीचं तोंड भिंतीकडे करून बंदूक पोत्यावर आडवी ठेवली. बाबूभाईंनासुद्धा इतक्या झटपट जमलं नसतं.

मग ती बाबूभाईंकडे सरकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "भाई, गज झाला, तेल झालं, चिंधी झाली. आता उद्या काय चुकवू?"